अठ्ठ्याण्णव टक्के अचूक

"त्रिशलाताई, या ऑपरेशननंतर तुमचा स्वतःचा आवाज परत येणार नाही. हे समजून तुम्ही संमती देताय ना?"

डॉ. नसरीन मुजावर यांनी प्रश्न सावकाश विचारला. हातातल्या टॅबवर ध्वनिमुद्रण चालू होतं.

"नको," त्रिशला मगदूम म्हणाली.

तिच्या घशातून निघालेला आवाज 'अघो' असा काहीतरी होता. तो खोलीत पुरता उमटायच्या आतच तिच्या व्हीलचेअरच्या हातावर बसवलेली बशीएवढी काळी चकती स्वच्छ, मृदू आवाजात बोलली, "चालेल, डॉक्टर. काही हरकत नाही."

त्रिशलानं मान झटकली. पण तिची मान तशीही दिवसभर हलतच असे, त्यामुळे त्या हलण्याला कुणी अर्थ लावत नसे. ती पुन्हा म्हणाली, "नको. नको."

"चालेल. मी तयार आहे," चकती म्हणाली.

"छान." डॉक्टरांनी टॅबवर बोट टेकवलं. "आवाजी संमती नोंदली गेली. उद्या सकाळी नऊला."

शेजारी उभ्या असलेल्या भरतेशनं, तिच्या धाकट्या भावानं, सुटकेचा श्वास सोडला. प्रश्न विचारल्यापासून तो चकतीकडेच पाहत होता. सगळेच तसं पाहत. बोलणं जिथून ऐकू येतं तिथंच माणसाची नजर जाते.

त्रिशलाचे दोन्ही हात ताठ झाले, बोटं वळली, पाय खुर्चीच्या पट्ट्यावर आपटू लागले.

"घाबरल्यात ताई," सिस्टर म्हणाली. "सकाळी एक गोळी देऊ शांत राहायला."

त्रिशला जन्मली तेव्हा तिच्या मेंदूला काही मिनिटं प्राणवायू मिळाला नव्हता. बुद्धी शाबूत राहिली, पण हात, पाय, मान, जीभ यांच्यावरचा ताबा गेला. तिला काय म्हणायचं आहे ते तिच्या मनात लख्ख असे. ओठ आणि जीभ मात्र वेळेवर जागेवर पोचत नसत, त्यामुळे क, त, प सगळे एकाच ओल्या आवाजात विरघळत. जयसिंगपूरच्या त्यांच्या घरात तिचं बोलणं आईला कळे आणि तिच्याहून सहा वर्षांनी लहान असलेल्या भरतेशला. पाच वर्षांचा भरतेश दुकानदाराला सांगे, "अक्का म्हणतेय, ही वही नको, रेघांची दे." तो चुकला की ती ओरडे, तो पुन्हा ऐके. बारावीपर्यंत तिच्या तोंडी परीक्षांना तोच शेजारी बसला.

पुढं भरतेश साखर कारखान्यात केमिस्ट झाला, लग्न झालं, गाळप हंगामात पाळ्या सुरू झाल्या. आई थकली. सहा वर्षांपूर्वी दिव्यांगांसाठीच्या योजनेतून घरी 'सांगाती' आला. प्रत्येक खोलीत एक स्पीकर आणि खुर्चीवर ही चकती. आवाजावर दिवे लागत, पंखा फिरे, पलंगाचं डोकं वर होई, फोन लागे. वयाच्या अडतिसाव्या वर्षी त्रिशलानं पहिल्यांदा स्वतः आपल्या खोलीचं दार उघडलं. मग बंद केलं. त्या दिवशी तिनं ते दार वीस वेळा तरी उघडबंद केलं असेल, आणि आई स्वयंपाकघरातून हसत होती.

आवाजावर चालणारे घरगुती स्पीकर तोवर जुने झाले होते, पण त्यांना फक्त स्वच्छ उच्चार कळत. सांगाती एका वेळी एकाच माणसाचं तुटकं बोलणं शिकत असे. त्याची रीत दुहेरी होती. एका बाजूला तो आवाज तपासे: हा ध्वनी 'न' असायची शक्यता किती, 'च' असायची किती. दुसऱ्या बाजूला तो आठवण तपासे: अशा प्रश्नाला हे माणूस आजवर काय म्हणत आलंय. दोन्ही शक्यता एकत्र करून जे वाक्य वरचढ ठरेल ते तो बोलून दाखवी. शाई फुटलेल्या पत्रातला पुसट शब्द आपण मागच्यापुढच्या मजकुरावरून लावतो, तसंच. आवाज जितका पुसट, तितका आठवणीवर भार जास्त. त्याचा आवाजही तिच्याच सुरांवरून घडवलेला होता, आईच्या आवाजाची थोडी झाक देऊन.

त्या आवाजावर तिला नोकरी मिळाली. नगरपालिकेच्या पाणी तक्रार केंद्रावर घरून रोज सहा तास. "हो, नोंद घेतली." "चालेल, उद्या माणूस पाठवते." "काही हरकत नाही, पुन्हा फोन करा." चार वर्षं रोज शेकड्यांनी अशी वाक्यं. सांगाती कधीमधी एखादा शब्द चुकवी. तिनं चहा मागितला तर दूध मागे. दुरुस्त करायचं तर तेच वाक्य तीन-चारदा म्हणावं लागे, धाप लागे. ती सोडून देई आणि दूध पिई. दुरुस्त न केलेलं प्रत्येक वाक्य यंत्राच्या हिशेबी बरोबर ठरत गेलं. कंपनीच्या शेवटच्या अहवालात तिच्या सांगातीची अचूकता अठ्ठ्याण्णव टक्के आली होती. भरतेशनं तो अहवाल माधवीला, आपल्या बायकोला, मोठ्या कौतुकानं वाचून दाखवला होता.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून त्रिशलाचा मूळ आवाज या जगात कुणी ऐकतच नव्हतं.

आणि वाढत्या वयाबरोबर तिचं गिळणं बिघडलं. अन्नाचे, पाण्याचे कण श्वासनलिकेत जाऊ लागले. एका वर्षात तीनदा न्यूमोनिया झाला, तिसऱ्या वेळी नऊ दिवस व्हेंटिलेटर. मिरजेच्या या हॉस्पिटलात डॉ. मुजावर यांनी उपाय सांगितला: श्वासाची वाट आणि घशाची वाट कायमची वेगळी करायची. श्वास गळ्याला पाडलेल्या छिद्रातून. मग घास कधीही चुकीच्या वाटेला जाणार नाही. पण स्वरयंत्रातून हवाच जाणार नाही, म्हणजे आवाजही नाही. "तुमच्या बाबतीत ते नुकसान तसं थोडं आहे," डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाल्या होत्या. "हनुवटीखाली पट्टी लावली की सांगाती जबड्याच्या स्नायूंच्या हालचाली वाचून बोलतो. लोकांना फरकही कळणार नाही."

फरक कळणार नाही, हेच ऐकून त्रिशला हबकली होती. हवा नाही, आवाज नाही. मग यंत्राकडे उरणार ती बहुतेक आठवणच.

दिवेलागणीला भरतेश खोलीत आला तेव्हा तिनं पुन्हा प्रयत्न केला. जिभेचं टोक दातांमागं रेटून, एकेक अक्षर तोडून. "भरत. मला. नको. आहे."

"भरत, तू दमला असशील. घरी जा," चकती म्हणाली.

तो खुर्चीपाशी बसला. "दमलो नाही गं अक्का. तू काळजी करू नकोस. उद्यापासून तो खोकला ऐकत जागायला नको, एवढंच माझ्या डोक्यात आहे."

"यंत्र. खोटं. बोलतंय."

"यंत्र छान बोलतंय," चकती म्हणाली. भरतेश हसला, तिच्या कपाळावरचे केस मागं सारले आणि आठच्या बसनं घरी गेला. सकाळी सातला येतो म्हणाला.

चकती बंद करायची म्हटली तरी त्यासाठी भरतेशचाच आवाज लागे. चुकून बंद झाली तर जिवावर बेतेल, म्हणून त्यानंच ते कुलूप घालून घेतलं होतं.

सिस्टरनं तिला पलंगावर निजवलं आणि चकती पलंगाच्या कठड्याला खिटीनं अडकवली. त्रिशला छताकडे पाहत पडून राहिली. रडू येत होतं, पण रडलं की घसा दाटतो आणि घसा दाटला की खोकला. ती विचार करू लागली. यंत्र कुठं अंदाज बांधतं आणि कुठं बांधत नाही? दिवा, पंखा, दार, फोन. या चाळीसेक हुकमांना ते आठवण वापरत नव्हतं, थेट आवाज जुळवत होतं. नाहीतर 'दार उघड'च्या जागी अंदाजानं भलतंच झालं असतं. त्या चाळिसांत एक हुकूम कामाच्या उपयोगाचा होता. तक्रारदारानं पत्ता घाईत सांगितला आणि निसटला की ती म्हणे, "मागचं ऐकव." मग सांगाती मागचं बोलणं परत ऐकवी. स्वतःचं बोलणं वगळून, मायक्रोफोनवर जसं आलं तसं, साफसूफ न करता.

म्हणजे तिचं बोलणंही. तिचं स्वतःचं.

आत्ताच भरतेश गेला होता. तिनं दोनदा हुकूम दिला आणि थांबली. चकतीतून भरतेशचं "एवढंच माझ्या डोक्यात आहे" आलं, मग तिच्या घशाची घरघर. बाहेरून सिस्टर डोकावली. "काय खरखरतंय हे?" म्हणाली आणि निघून गेली. तिला ती नुसती खरखर वाटली होती. ती ओळखू शकेल असा माणूस एकच होता.

अडचण आणखी एक होती. मागचं ऐकव म्हटलं की यंत्र समोरच्याच्या एकेका वाक्यानं मागं जाई, आणि ती थांबली की तिथून पुढचं सगळं ऐकवी. तिच्याभोवती जे बोललं जाई ते सगळं साठत होतं. डॉक्टरांचा तो प्रश्न दर वाक्यागणिक खोल खोल चालला होता. त्रिशलानं ठरवलं, आता एक अवाक्षर बोलायचं नाही. सिस्टरनं रात्रीचं औषध विचारलं, ती गप्प. सकाळी वॉर्डातल्या मावशीनं पांघरूण बदलताना गप्पा मारल्या, ती गप्प. आणि त्या प्रश्नावर साठत जाणारी वाक्यं मनात मोजत राहिली. अठरा. एकोणीस. बावीस.

सात वाजले. भरतेश आला नाही. साडेसातला सिस्टरनं तिच्या जिभेखाली गोळी ठेवली. ती थुंकायला त्रिशलानं जीभ रेटली, पण जिभेनं तेव्हाही ऐकलं नाही. अर्ध्या तासात हात सैल झाले. कधी नव्हे ते अंग तिला हलकं वाटू लागलं, आणि जीभ कापसासारखी. डोळे मिटत होते. ती मनात पाढे म्हणत जागी राहिली.

भरतेश आला तेव्हा आठ चाळीस झाले होते. "अंकलीच्या पुलावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलीय, बस हलेचना," तो धापा टाकत म्हणाला. मागोमाग सिस्टर स्ट्रेचर घेऊन आली.

"तेवढी चकती काढून घ्या दादा. आत इलेक्ट्रॉनिक काही चालत नाही."

"मागचं ऐकव," त्रिशला म्हणाली.

"समजलं नाही. पुन्हा सांगा," चकती म्हणाली. गोळीनं उच्चार आणखी ओघळला होता.

"मागचं. ऐकव."

"समजलं नाही. पुन्हा सांगा."

"काय हवंय अक्का?" भरतेशनं चकतीची खिटी चाचपली.

त्रिशलानं डोळे मिटले. उरला होता तेवढा श्वास पोटातून वर ओढला आणि ओरडली. चकतीवरचा हिरवा ठिपका लागला. सिस्टरचा आवाज आला: "आत इलेक्ट्रॉनिक काही चालत नाही." ती पुन्हा ओरडली. "बस हलेचना." पुन्हा. मावशीच्या गप्पा. पुन्हा. पुन्हा.

"बिघडलंय हे. ऑपरेशन थिएटर तयार आहे दादा, उशीर होतोय," सिस्टर म्हणाली.

भरतेशनं खिटी ओढली. ती अर्धी निघाली. त्रिशला हुकूम देत राहिली. ती आता मोजत नव्हती, मोजण्याएवढं भान उरलं नव्हतं. कालची सिस्टर. कालचा भरतेश. आणि मग डॉ. मुजावर यांचा संथ आवाज: "हे समजून तुम्ही संमती देताय ना?"

ती थांबली. त्यानंतर, त्या गोड आवाजाचं पांघरूण नसलेला, उघडा, ओला, ओबडधोबड आवाज: "अघो."

भरतेशचा हात खिटीवर थांबला.

यंत्रानं पुढची नोंद ऐकवली. "अघो. अघो."

त्याच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते त्रिशलाला पुसट दिसत होतं. अनेक वर्षं बंद असलेल्या खोलीत शिरून माणूस अंधारात वस्तू चाचपतो तसा तो ऐकत होता. त्यानं ते पुन्हा ऐकवायला लावलं. मग आणखी एकदा.

"डॉक्टरांना बोलवा," तो सिस्टरला म्हणाला.

डॉ. मुजावर हिरव्या कपड्यांतच बाहेर आल्या. त्यांनी ऐकून घेतलं, ध्वनिमुद्रणही ऐकलं. "संमती कायदेशीर आहे भरतेश. पण यंत्र चुकलं असेल तर मी सुरी लावणार नाही. ते बंद करा, मी पुन्हा विचारते."

भरतेशनं आपल्या आवाजात कुलूप काढलं. हिरवा ठिपका विझला. डॉक्टर वाकल्या. "त्रिशलाताई, ऑपरेशन हवंय की नको? नको असेल तर काय करायचं, तेही सांगा. पुढच्या न्यूमोनियात तुम्ही वाचालच असं मी म्हणू शकत नाही."

त्रिशला बोलू लागली. गोळीच्या गुंगीतून एकेक शब्द वर ओढत ती दोनेक मिनिटं बोलली. लाळ गालावरून ओघळली. संपल्यावर ती धापा टाकत होती.

डॉक्टर सरळ उभ्या राहिल्या. "मला एक शब्दही कळला नाही. तुम्हाला?"

भरतेशला कळलं होतं. सगळं नाही, पण पुरेसं. पोटात नळी घाला, असं ती म्हणाली होती. तोंडानं खाणं सोडते. बोलणं सोडणार नाही.

त्याच्या डोळ्यांपुढं ते नऊ दिवस उभे राहिले. काचेपलीकडं व्हेंटिलेटरवर दिसणारा तिचा निळसर चेहरा, आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून काढलेले तास. नळीनं धोका कमी होतो, जात नाही, हे डॉक्टरांनी त्याला आधीच सांगितलं होतं. ऑपरेशननं तो जातो. आता एक वाक्य पुरेसं होतं. अक्का घाबरली होती, आता तयार आहे म्हणतेय. त्याच्यावर शंका घेणारं या इमारतीत कुणी नव्हतं. ती शुद्धीवर येईल तेव्हा तिच्याकडे ओरडायला आवाज नसेल. आणि ती जिवंत असेल.

सिस्टरनं घड्याळाकडे पाहिलं. डॉक्टर थांबल्या होत्या. त्रिशला त्याच्याकडे पाहत होती, पापण्या पडत असताना परत परत उघडत होती. त्याला तिची ती नजर ओळखीची होती. तो बरोबर सांगतोय की नाही हे पाहताना ती लहानपणी असंच बघायची.

"नको म्हणतेय," तो म्हणाला. "नळी घाला म्हणतेय. खाणं सोडीन, बोलणं सोडणार नाही, असं म्हणतेय."

डॉक्टरांनी होकारार्थी मान डोलावली आणि हातमोजे काढले.

स्ट्रेचर परत खोलीत आलं तेव्हा तो खिडकीशी उभा राहिला, तिच्याकडे पाठ करून. "मरशील अक्का," तो म्हणाला. "मग तुझा आवाज घेऊन मी काय करू?" तिला झोप अनावर झाली होती.

नळी त्याच आठवड्यात बसली. ती घरी आल्यावर कंपनीचा तंत्रज्ञ आला. त्रिशलाच्या सांगण्यावरून, जे भरतेशनं त्याला समजावून दिलं, त्यानं यंत्राचा आठवणीवरचा भार उतरवला. आता खात्री नसली की सांगाती म्हणे, "कळलं नाही." अचूकता एकसष्ट टक्क्यांवर आली. तक्रार केंद्रावरचे लोक वैतागत, फोन आपटत. रोज शेकडोंऐवजी चाळीस तक्रारी नोंदवल्या जात. साहेबांनी तीन महिन्यांची मुदत दिली होती.

घरात भरतेश संध्याकाळी तासभर चकती बंद ठेवी. पहिले काही दिवस त्याला दहातलं एक वाक्य कळे. ती चिडे, तो चिडे. एकदा तो उठून अंगणात जाऊन उभा राहिला आणि माधवीनं दोघांनाही दटावलं.

जेवायला मात्र तो तिच्या खोलीत येत नसे. तिच्या पोटात नळीनं पातळ अन्न जात असताना तो आणि माधवी स्वयंपाकघरात, आवाज न करता, घाईनं उरकून घेत.

माधवी शाळेच्या सहलीबरोबर गेली त्या रविवारी दुपारी त्यानं स्वतः भाजी केली. ताट घेऊन तो नेहमीसारखा स्वयंपाकघरात बसला तर खोलीतून हाक आली. तो गेला. त्रिशला काहीतरी म्हणाली.

"पाणी?" तिनं डोळे मिटले. घरी आल्यावर दोघांनी ठरवलेली ती 'नाही'ची खूण होती. ती पुन्हा म्हणाली.

"पलंग वर करू?" नाही.

"इथं... इथं बसू?"

तिनं नजर वर केली. हो. तो ताट घेऊन आला आणि पलंगाशेजारच्या स्टुलावर बसला, मान खाली घालून. पहिला घास घेताना त्याला चोरी केल्यासारखं वाटत होतं. त्रिशलानं नाकानं हवा ओढली, आणि परत काहीतरी म्हणाली. लांबडं, तीन-चार अक्षरांचं. त्याला उमगलं नाही. ती पुन्हा म्हणाली. तिसऱ्या वेळी त्याला कळलं आणि त्यानं ताटाकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "करपलीय फोडणी. माझं लक्ष नव्हतं."

ती हसली. हसताना तिला खोकला आला, आणि त्याचा हात ताटावर गोठला. एक खोकला. दुसरा. मग मोठा, छाती हलवणारा तिसरा. तो अर्धवट उठला. तिचा श्वास शिटीसारखा वाजत राहिला, मग हळूहळू खाली बसला. दोघं एकमेकांकडे पाहत होते.

"जेव," ती म्हणाली.

ते त्याला पहिल्याच वेळी कळलं. तो खाली बसला आणि जेवू लागला.